औषध नव्हते तेव्हाचा दवाखाना

१८८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात, बँक स्ट्रीटवर, एक लहानसा दवाखाना सुरू झाला. मोजक्या खोल्या, एक तरुण डॉक्टर, एक सूक्ष्मदर्शक आणि वर्गणीतून जमलेले थोडे पैसे, एवढेच त्याचे भांडवल होते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली होती, म्हणून दवाखान्याला तिचे नाव मिळाले. तेथे फक्त क्षयाचे रुग्ण तपासले जाणार होते, आणि क्षयावर त्या काळी जगाच्या पाठीवर कुठेही औषध नव्हते. पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली प्रयोगशाळेत सापडायचे होते.

ज्या रोगावर उपाय नाही त्याच्यासाठी दवाखाना उघडून काय साधणार, असे विचारणारे तेव्हाही होते. पण या दवाखान्याने एक पद्धत घालून दिली. रुग्ण शोधायचा, त्याच्या घरी जायचे, घरातल्या सगळ्यांना तपासायचे, घरात अन्न आहे की नाही ते पाहायचे आणि त्या घराशी असलेला संबंध तुटू द्यायचा नाही. ही पद्धत पुढच्या तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत पसरली आणि मुंबईपर्यंत पोहोचली. आज आपल्या गावात आशासेविका थुंकीची डबी घेऊन एखाद्या दारात उभी राहते, तेव्हा ती त्याच वाटेने चाललेली असते.

घराण्याचा रोग

एकोणिसाव्या शतकातले क्षयाचे रूप आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की माणसांच्या दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होतो. मरणारे बहुतेक ऐन उमेदीतले असत. घरातला कमावता पुरुष, नुकतीच बाळंत झालेली सून, कामाला लागलेला मुलगा असे एकेक जण खोकत, झिजत, रक्ताच्या गुळण्या टाकत जात. एकाच घरात एकामागून एक माणसे जात म्हणून लोक त्याला घराण्याचा रोग मानत, आणि पुष्कळ डॉक्टरांचेही तेच मत होते. रक्तातच असलेल्या गोष्टीला कोण काय करणार? कॉडलिव्हर तेल द्यावे, क्रिओसोट द्यावे, हवापालट सुचवावा आणि हात जोडावेत.

हवापालट ज्यांना परवडे त्यांच्यासाठी सॅनिटोरियम होती. हेर्मान ब्रेमर यांनी १८५०च्या दशकात सायलीशियातल्या गर्बर्सडॉर्फ या डोंगराळ गावी हा प्रकार सुरू केला होता. स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती, भरपूर आहार, असा महिनोन्‌महिने चालणारा तो उपचार. गिरणीत किंवा छापखान्यात रोजावर काम करणाऱ्याने सहा महिने डोंगरावर जाऊन झोपायचे म्हणजे मागे बायकोमुलांनी उपाशी राहायचे. साधारण रुग्णालये अशा रुग्णाला शक्यतो घेत नसत, कारण तो बरा होत नसे आणि खाट अडवून बसे. मग तो आपल्या अंधाऱ्या खोलीत, आपल्याच माणसांच्या अंथरुणाला अंथरूण लावून पडून राही आणि शेवटपर्यंत खोकत राही.

कॉख यांच्या शोधाने या चित्राचा अर्थ बदलला. रोग जंतूपासून होत असेल आणि जंतू थुंकीतून बाहेर पडत असतील, तर घरातली माणसे एकामागून एक जातात ती एकाच रक्ताची असतात म्हणून नव्हे, एकाच खोलीत श्वास घेतात म्हणून. नशीब म्हणून सोडून दिलेली गोष्ट अडवता येण्याजोगी ठरली. मात्र हे सत्य प्रयोगशाळेतून त्या खोलीपर्यंत नेणारा कोणीतरी हवा होता.

रॉबर्ट फिलिप

रॉबर्ट विल्यम फिलिप यांचा जन्म १८५७ साली ग्लासगोजवळच्या गोव्हनचा. एडिंबरा विद्यापीठातून १८८२ साली ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले, म्हणजे नेमके कॉख यांच्या शोधाच्या वर्षी. पुढील शिक्षणासाठी ते व्हिएन्नाला गेले आणि तेथे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो नवा जंतू पाहिला. आपले आयुष्य याच कामाला द्यायचे, हे तिथेच ठरले. परतल्यावर त्यांनी हा मनोदय एका ज्येष्ठ डॉक्टरांना सांगितला, तर सल्ला मिळाला की या विषयात आता काही उरलेले नाही, नाद सोडा. फिलिप यांनी नाद सोडला नाही. १८८७ साली त्यांच्या क्षयावरील प्रबंधाला विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी बँक स्ट्रीटवरचा दवाखाना उघडला. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते.

जागा त्यांनी बरोबर निवडली होती. बँक स्ट्रीट जुन्या एडिंबराच्या पोटात आहे. किल्ल्याकडून उतरणाऱ्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंचच उंच दगडी इमारती, त्यांच्यामधून जाणारे बोळ इतके अरुंद की खालपर्यंत ऊन पोहोचू नये. एकेका मजल्यावर अनेक बिऱ्हाडे, आणि एकेका बिऱ्हाडात आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे. शहराचे आरोग्य अधिकारी हेन्री लिटलजॉन यांनी १८६५ सालीच या वस्तीच्या अवस्थेवर सविस्तर अहवाल लिहिला होता. वस्ती आणि मरण यांचे नाते शहराला ठाऊक होते. क्षयाच्या बाबतीत त्यावर काय करायचे, हे मात्र कोणी ठरवले नव्हते.

दारातून घरापर्यंत

फिलिप यांच्या दवाखान्यात रुग्ण आला की त्याची छाती तपासत, थुंकी काचपट्टीवर घेऊन जंतू आहेत का पाहत आणि त्याची हकीकत टिपून ठेवत. कोणत्याही चांगल्या दवाखान्यात एवढ्यावर काम संपले असते. इथे ते यानंतर सुरू होई. दवाखान्याची नर्स, गरज पडली तर डॉक्टरही, रुग्णाच्या घरी जात. माहिती भरायला छापील तक्ता असे. खोल्या किती, माणसे किती, खिडकी उघडते का, भिंतीला ओल आहे का, रुग्ण एकटा झोपतो की कोणाच्या अंथरुणात, घरात आणखी कोण खोकते, मिळकत किती, जेवायला काय असते, अशी सगळी विचारपूस त्यात येई. रोगाचे निदान माणसाबरोबर त्याच्या घराचेही झाले पाहिजे, हा विचार त्या तक्त्यामागे होता.

नर्स घरच्या बाईला शिकवी. थुंकी जमिनीवर वा रुमालात टाकायची नाही, झाकणाच्या भांड्यात घ्यायची आणि जाळायची. त्याच सुमारास जर्मनीत पेटर डेटवायलर यांनी खिशात मावणारी निळ्या काचेची थुंकीची कुपी काढली होती, ती पुढे युरोपभर क्षयरोग्यांच्या खिशात दिसू लागली. खिडकी रात्रीही उघडी ठेवायची, अंथरूण वेगळे करायचे, भांडी उकळून घ्यायची. हे सांगून भागणार नाही हे फिलिप जाणून होते, म्हणून दवाखान्याच्या जोडीला मदतीची व्यवस्था होती. ज्या घरात दूध नाही तिथे दूध, जिथे पांघरूण नाही तिथे पांघरूण पोहोचवले जाई.

फिलिप यांचा सगळ्यांत मोठा आग्रह घरातल्या इतर माणसांना तपासण्याचा होता. एक रुग्ण सापडला की त्याच्या घरातले सगळे एकामागून एक डॉक्टरांसमोर यायचे. सैन्याची पलटण सलामी देत पुढून जाते त्यावरून ते याला ‘मार्च पास्ट’ म्हणत. त्या रांगेत नुसता अशक्तपणा जाणवणारी बहीण सापडे, गळ्याला गाठी आलेले मूल सापडे, आणि ज्याच्यापासून सगळ्यांना लागण झाली तो ‘जुनाट खोकल्याचा’ आजोबाही सापडे. आज आपल्या आरोग्य खात्याच्या भाषेत याला सहवासितांची तपासणी म्हणतात.

दवाखान्याभोवती मग बाकीची अंगे उभी राहिली. १८९४ साली शहराच्या कडेला क्रेगलीथ येथे, बरे होण्याची आशा असलेल्या रुग्णांसाठी रुग्णालय निघाले. रोग फार पुढे गेलेल्यांसाठी शहराच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात खाटा राखल्या गेल्या. त्यांच्या शेवटच्या दिवसांची सोय व्हावी आणि घरातली मुलेही वाचावीत, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. १९१० साली पोल्टन येथे शेती-वसाहत सुरू झाली. सुधारलेल्या रुग्णांनी तेथे झेपेल तितके उघड्यावरचे काम करायचे आणि ताकद आली की संसारात परतायचे. या सगळ्याच्या मधोमध दवाखाना होता. कोणी कुठे जायचे आणि परत आल्यावर कोणाकडे लक्ष द्यायचे, ते तेथे ठरे. याच रचनेला पुढे ‘एडिंबरा पद्धत’ असे नाव पडले.

लिलचे कामगार

फ्रान्समध्ये, उत्तरेकडच्या लिल या कापडगिरण्यांच्या शहरात, आल्बेर काल्मेत यांनी १९०१ साली असाच दवाखाना काढला आणि आपले गुरुतुल्य सहकारी एमील रू यांचे नाव त्याला दिले. काल्मेत म्हणजे पुढे गेरँ यांच्यासह बीसीजी लस तयार करणारे शास्त्रज्ञ. १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे त्यांनी गाईच्या क्षयाचा जंतू २३० वेळा नव्याने वाढवत निष्प्रभ केला. ती लस पहिल्यांदा १९२१ साली पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला देण्यात आली. या प्रचंड कीर्तीमुळे त्यांचा लिलचा दवाखाना मागे पडला, पण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे.

गिरणीकामगाराच्या घरी जाण्यासाठी काल्मेत यांनी कामगारांतलाच माणूस नेमला. त्याची बोली तीच, त्याने भोगलेली गरिबी तीच. त्याच्यासमोर घर आपली अडचण लपवत नसे. दुसरे असे की लिलचा दवाखाना रुग्णाच्या पोटाची काळजी फार गांभीर्याने घेई. भाकरी, मांस, दूध, अंडी, हिवाळ्यात कोळसा अशी मदत घराला मिळे. रुग्णाचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण दवाखाना स्वतः नेऊन, निर्जंतुक करून, धुऊन परत देई. घरच्या बाईच्या डोक्यावरचे एक ओझे त्यामुळे उतरे आणि संसर्गाची एक वाट बंद होई. क्षय हा कमी मजुरीचा आणि दाटीच्या बिऱ्हाडाचा रोग आहे, हे काल्मेत यांच्या दवाखान्याने भाषणातून नव्हे, पुरवठ्यातून सांगितले.

नोंदीचा झगडा

रुग्ण घरी जाऊन शोधायचा तर तो कुठे आहे हे कळले पाहिजे. म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक क्षयरोग्याची नोंद आरोग्य खात्याला द्यावी, अशी मागणी पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये हर्मन बिग्ज यांनी ती सर्वांत आधी तडीस नेली. १८९४ साली संस्थांना आणि १८९७ साली खासगी डॉक्टरांनाही नोंद देणे भाग पडले. डॉक्टर मंडळी संतापली. रुग्णाचे गुपित सरकारला कळवणे म्हणजे विश्वासघात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि रुग्ण दुसरीकडे जातील ही भीतीही त्यात होती. बिग्ज यांनी त्यांना थुंकीची मोफत तपासणी देऊ केली आणि हळूहळू विरोध मावळत गेला. एडिंबराने १९०७ साली नोंद सक्तीची केली. इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या क्षयाची नोंद १९१२ पासून सर्वत्र सक्तीची झाली.

१९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला आणि विमा उतरवलेल्या कामगाराला सॅनिटोरियमच्या उपचाराचा हक्क मिळाला. पैसा आता सरकारकडून येणार होता. तो कसा खर्च करायचा हे ठरवण्यासाठी वॉल्डॉर्फ ॲस्टर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि फिलिप तिचे सभासद होते. या समितीने दवाखाना हे क्षयनिवारणाचे पहिले केंद्र मानले आणि सॅनिटोरियम व रुग्णालयांना दुसरे. पंचवीस वर्षांपूर्वी वर्गणीवर उघडलेल्या बँक स्ट्रीटच्या खोल्यांचा आराखडा देशाचे धोरण झाला. १९१३ साली फिलिप यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९१७ साली एडिंबरा विद्यापीठाने त्यांच्यासाठी क्षयरोगाचे स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण केले.

या कामात जे चुकले तेही सांगितले पाहिजे. नोंद झालेल्या माणसाची नोकरी जाई, घरमालक खोली सोडायला सांगे, शेजारी मुलांना त्या घरी जाऊ देत नसत. म्हणून लोक रोग लपवत आणि फार उशिरा येत. खिडकी उघडी ठेवा म्हणणे सोपे होते, पण हिवाळ्यात कोळशाला पैसे नसलेल्या आईने ती उघडायची कशी? स्वच्छतेचा सगळा भार बायकांवर टाकला गेला, आणि मूल आजारी पडले की दोषही त्यांच्याच माथी आला. अनेक दवाखान्यांनी ट्युबरक्युलिनची इंजेक्शने उपचार म्हणून वर्षानुवर्षे दिली. कॉख यांनी १८९० साली उपाय म्हणून जाहीर केलेले हे द्रव्य निदानाला उपयोगी ठरले, रोग मात्र त्याने बरा झाला नाही. विम्याचा हक्कही आधी कमावत्या कामगाराचा होता. त्याच्या बायकोमुलांना तो तसा मिळत नव्हता, आणि संसर्ग तर त्यांच्यापर्यंतच आधी पोहोचे.

क्षयाचे मृत्यू ब्रिटनमध्ये १९०० च्या आधीपासून घटत होते. त्याचे श्रेय अन्नाला, घरांना, मजुरीला, की रुग्ण घरातून वेगळे काढण्याला द्यायचे, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. माझ्या मते हा वाद दवाखान्याचे महत्त्व कमी करत नाही. अन्न, घर आणि संसर्ग ही तिन्ही माणसाच्या एकाच खोलीत भेटतात, आणि त्या खोलीपर्यंत नियमाने जाणारी त्या काळातली पहिली वैद्यकीय व्यवस्था हीच होती.

आपल्याकडे दार कसे वाजले

एडिंबराचा दवाखाना उघडला त्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने वारल्या. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन येणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. वय पुरते बावीसही नव्हते. फिलाडेल्फियासारख्या वैद्यकाच्या माहेरघरात शिकूनही त्या वाचू शकल्या नाहीत, यावरून त्या काळच्या वैद्यकाचे हात किती रिकामे होते ते कळते.

दहा वर्षांनी त्याच पुण्यात सरकारने घरोघर जायला सुरुवात केली, पण ती प्लेगच्या निमित्ताने आणि सोल्जरांच्या हातून. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या बळावर रँडच्या प्लेग समितीने घरझडत्या घेतल्या, संशयितांना रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीने झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच साथीत पुण्याजवळ यशवंतराव फुले यांनी दवाखाना चालवला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण तिथे पोहोचवत होत्या आणि त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथ तीच आणि शहरही तेच. एक हात दार फोडून आत शिरला, दुसऱ्याने रुग्णाला पाठीवर घेतले. सरकारच्या आरोग्यसेवेबद्दलचा अविश्वास या मुलखात पुढे कित्येक वर्षे टिकला, याचे मूळ त्या झडत्यांत आहे.

क्षयाचे काम आपल्याकडे सॅनिटोरियमपासून सुरू झाले. १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे मिशनऱ्यांनी आणि १९०९ साली सिमल्याच्या वाटेवर धरमपूर येथे बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सॅनिटोरियम काढले. १९१२ साली पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे बेल-एअर सुरू झाले. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशनने जे आरोग्यधाम उभारले, त्याच्या नावावरून ती वस्ती वॉनलेसवाडी झाली.

पण क्षयाचे खरे आगर मुंबईत होते. तेथल्या निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांचे बिऱ्हाड एका खोलीचे होते. गिरणगावातल्या चाळींत एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे किंवा पाळीपाळीने झोपणारे दहाबारा गडी राहत. आजारी पडलेला कामगार गावाची बोट किंवा गाडी धरे आणि रोग कोकणात, घाटावर जाई. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांच्या काळात क्षयविरोधी लीग स्थापन झाली, आणि १९१७ साली मुंबईत क्षयाचा पहिला दवाखाना निघाला. पुढे मद्रासमध्येही तसाच दवाखाना सुरू झाला. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी देशभर फिरून केलेली पाहणी १९२० साली पुस्तकरूपाने आली. शहरांतली दाटी, पडद्यात कोंडलेल्या तरुण स्त्रिया आणि लहान वयातली बाळंतपणे यांचा क्षयाशी असलेला संबंध त्यांनी दाखवून दिला.

पद्धत कळली होती, पण ती राबवण्याइतका पैसा ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात कधीच ठेवला नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे पंचवीस लाख क्षयरोगी होते, वर्षाला पाच लाख मरत होते आणि त्यांच्यासाठी खाटा होत्या सहा हजारांच्या आसपास. इंग्लंडात कायद्याने मिळालेली गोष्ट इथे दानशूरांच्या मर्जीवर राहिली.

औषध आले तेव्हा

फिलिप १९३९ साली वारले. त्यानंतर काही वर्षांतच स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि १९५२ साली आयसोनियाझिड अशी औषधे हाती आली. एडिंबराला फिलिप यांच्याच प्राध्यापकपदावर १९५२ साली जॉन क्रॉफ्टन आले. एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात, म्हणून तिन्ही औषधे एकत्र आणि ठरलेला काळ पूर्ण होईपर्यंत द्यायची, हे त्यांनी काटेकोरपणे अमलात आणले. क्षयाचा रुग्ण बहुतेक नक्की बरा होऊ शकतो, हे पुन्हा त्याच शहराने दाखवले.

गरीब देशांपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. खाटा सहा हजार आणि रुग्ण पंचवीस लाख असतील, तर औषध द्यायचे कुठे? त्याचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी शहरातले १९३ गरीब रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये आणि निम्म्यांना घरीच ठेवले. औषधे दोघांना तीच. सॅनिटोरियममधल्यांना उत्तम जेवण आणि विश्रांती मिळाली, तर घरचे दाटीत राहिले, बेताचे जेवले, काहींनी कामही केले. वर्षाअखेर सॅनिटोरियममधले ९२ टक्के आणि घरचे ८६ टक्के रुग्ण जंतुमुक्त स्थितीला आले. घरच्या माणसांना होणारी लागणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढली नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर सॅनिटोरियमची दारे हळूहळू बंद होऊ लागली. नर्सची घरभेट, औषधांची मोजणी, सहवासितांची तपासणी ही जुन्या दवाखान्याची कामे आता औषधासह होऊ लागली, आणि १९६२ साली भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी याच पायावर झाली.

जुन्या दवाखान्याचा एक भाग मात्र या वाटेत सुटला. मद्रासच्या प्रयोगाने सांगितले की गोळ्या नीट घेतल्या तर तुटपुंज्या जेवणावरही रुग्ण बरा होतो. त्याचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला की जेवणाला महत्त्व नाही. गोळ्या मोजल्या गेल्या, दुधाचा आणि भाकरीचा तक्ता फडताळात गेला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ दरम्यान डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेल्या अभ्यासाने तो पुन्हा बाहेर काढला. एका गटात फक्त क्षयरोग्याला शिधा दिला, दुसऱ्या गटात त्याच्या घरातल्या सगळ्यांना. दहा हजारांहून अधिक सहवासित या अभ्यासात होते. ज्या घरांत सर्वांना तांदूळ आणि डाळ मिळाली, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. लिलच्या दवाखान्याने भाकरी आणि दूध घरात पोहोचवले होते, ते बरोबर होते, हे शंभरहून अधिक वर्षांनी आकड्यांत सिद्ध झाले.

म्हणून या इतिहासातून मी एकच निष्कर्ष काढतो. क्षय हा घराचा रोग आहे आणि तो घरातच हरवावा लागतो. आपल्याकडे क्षयाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे. २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. ही मदत रुग्णाच्या नावावर जाते. तिच्याबरोबर घरातल्या प्रत्येकासाठी तांदूळ आणि डाळ रेशनमधूनच मिळाली पाहिजे, दात्यांच्या इच्छेवर ती सोडता कामा नये. तोवर आपल्या हातात आहे तेवढे आपण करूया. ‘निक्षय मित्र’ होऊन एखाद्या रुग्णाच्या घराला सहा महिने शिधा देता येतो. भाडेकरूला क्षय आहे म्हणून खोली सोडायला लावू नये, मुलीला क्षय होऊन गेला म्हणून लग्न मोडू नये. आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत आहे आणि औषधेही मोफत आहेत.